लसीतले बारीक कण नक्की करतात काय? ठाणे-नवी मुंबईत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मायक्रोबायोलॉजी शिकलेली, राहायला ऐरोलीत. लसीकरणाच्या कॅम्पला मदतीला गेलं की सिस्टरना तर मान वर करायलाही वेळ नसतो, मग रांगेतले लोक प्रश्न मला विचारतात. गेल्या काही वर्षांत "नॅनो", "पार्टिकल", "लिपिड" हे शब्द सगळ्यांच्या कानावर गेलेत पण नीट कोणी सांगितलं नाहीये, म्हणून वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र लिहून ठेवतेय. कोणी कुठली लस घ्यायची हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, मी फक्त आत काय चालतं ते सांगते.

लसीत पार्टिकल म्हणजे नक्की काय असतं?

लसीमध्ये मुख्य माल असतो अँटिजेन, म्हणजे जंतूचा तो भाग जो शरीराला ओळखायला शिकवायचाय. हा भाग नुसता पाण्यात विरघळवून टोचता येतो, किंवा एखाद्या बारीक कणावर बसवून, कणाच्या आत भरून, नाहीतर त्या अँटिजेनचाच कण बनवून टोचता येतो. हे कण कशाचेही असू शकतात: अ‍ॅल्युमिनियमचे क्षार, चरबीचे थेंब, प्रोटीनचे पोकळ गोळे, विरघळणारं पॉलिमर. अँटिजेन तेच राहतं, पण ते कुठल्या रूपात आलं यावर शरीर त्याची दखल किती घेणार हे ठरतं, आणि माझ्या मते लसीबद्दल लोकांना सगळ्यात कमी सांगितली गेलेली गोष्ट हीच आहे.

नुसतं प्रोटीन टोचलं तर काय बिघडतं?

बिघडत काही नाही, पण बऱ्याचदा घडतही काही नाही. एकटं सुटं प्रोटीन खूप बारीक असतं, ते पटकन इकडेतिकडे पसरून जातं आणि रोगप्रतिकारक पेशींना त्यात धोक्याचं काही वाटत नाही. आपल्या शरीरात डेंड्रिटिक सेल नावाच्या पेशी असतात, फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या. राल्फ स्टाइनमन यांनी त्या १९७३ मध्ये शोधल्या आणि २०११ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. या पेशींचं कामच हे की बाहेरून आलेलं काही सापडलं की ते गिळायचं, तुकडे करायचे आणि लिम्फ नोडमध्ये म्हणजे बगलेतल्या वगैरे गाठींमध्ये जाऊन टी-सेल नावाच्या दुसऱ्या रोगप्रतिकारक पेशींना ते तुकडे दाखवायचे. व्हायरस किंवा बॅक्टेरिया मुळात कणच असतात त्यामुळे या पेशींना कण गिळायची सवय आहे, आणि अँटिजेन कणाच्या रूपात दिलं की एका घासात भरपूर माल आत जातो.

दुसरी गोष्ट बी-सेलची, ज्या पुढे अँटिबॉडी बनवतात. बी-सेलच्या अंगावर हजारो रिसेप्टर असतात, म्हणजे अँटिजेन पकडणारे हुक. एखाददुसऱ्या रिसेप्टरला एक सुटं प्रोटीन चिकटलं तर सिग्नल फार अशक्त जातो. पण कणाच्या पृष्ठभागावर तेच प्रोटीन ठराविक अंतराने ओळीने बसवलेलं असलं तर एकाच वेळी बरेच रिसेप्टर एकमेकांजवळ ओढले जातात आणि सिग्नल एकदम जोरात जातो. म्हणजे महापालिकेत एकटा माणूस पाण्याच्या तक्रारीचा अर्ज घेऊन गेला तर तो अर्ज फाइलला लागतो, पण अख्ख्या वॉर्डाने तीच मागणी घेऊन मोर्चा काढला की साहेब खाली उतरून येतात, तसंच हे.

अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये तर कॉम्प्युटरवर डिझाइन करून असा कण बनवला, ज्याच्यावर कोरोनाच्या स्पाइकचा महत्त्वाचा तुकडा ६० वेळा बसवलेला आहे. त्यावरून बनलेल्या लसीला दक्षिण कोरियात जून २०२२ मध्ये मंजुरी मिळाली, आणि प्रोटीन डिझाइनच्या कामासाठी तिथल्याच डेव्हिड बेकर यांना २०२४ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.

साइजला एवढं महत्त्व का?

कारण साइजवर रस्ता ठरतो. एक मिलिमीटर म्हणजे दहा लाख नॅनोमीटर. ढोबळमानाने २० ते २०० नॅनोमीटरचे कण दंडातून स्वतःच लिम्फच्या नळ्यांमध्ये शिरून गाठीपर्यंत पोचतात. त्याहून मोठे, म्हणजे पाचशे-हजार नॅनोमीटरवाले, टोचलेल्या जागीच बसून राहतात आणि डेंड्रिटिक सेल येऊन उचलून नेईपर्यंत तिथेच असतात. दोन्हीचे फायदे वेगळे आहेत, त्यामुळे जितकं बारीक तितकं चांगलं असा काही नियम नाहीये. कणावरचा चार्ज, तो किती घट्ट किंवा लवचिक आहे, यानेही फरक पडतो, पण ते इथे नको, लांबेल.

म्हणजे ही सगळी नवीन टेक्नॉलॉजी आहे का? आमच्यावर प्रयोग चाललेत का?

अजिबात नाही, तुम्हाला लहानपणी ट्रिपल, म्हणजे डीपीटी, दिलं असेल तर त्यातही कणच होते. इंग्लंडमध्ये अलेक्झांडर ग्लेनी यांनी १९२६ मध्ये दाखवून दिलं की घटसर्पाचा टॉक्सॉइड (निकामी केलेलं विष) तुरटीच्या क्षारावर बसवून दिला की प्रतिकारशक्ती खूप चांगली येते. तेव्हापासून अ‍ॅल्युमिनियमचे क्षार, ज्याला सगळे अ‍ॅलम म्हणतात, लसींमध्ये वापरतात. आज पीएचसीत (सरकारी आरोग्य केंद्रात) बाळाला दिलेली पाच रोगांवरची पेंटाव्हॅलंट, गरोदर बाईला दिलेली टीडी (धनुर्वात-घटसर्पाची), सगळ्यात अ‍ॅलम आहे.

हिपॅटायटिस बी ची गोष्ट तर मला फार आवडते. बारूच ब्लुमबर्ग यांना १९६५ च्या सुमारास एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात एक अँटिजेन सापडलं, ते नंतर हिपॅटायटिस बी च्या व्हायरसचं वरचं आवरण निघालं. हे आवरण स्वतःच २२ नॅनोमीटरचे गोळे बनवतं, आत व्हायरसचं काहीच नसतं. आधी हे गोळे पेशंटच्या रक्तातून काढून लस बनवायचे, मग १९८६ मध्ये यीस्टमध्ये बनवलेली लस आली, आणि हैदराबादच्या शांता बायोटेकने १९९७ मध्ये आपल्या देशातली पहिली अशी लस आणली, त्यानंतर ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. आज जन्मल्यावर २४ तासांच्या आत बाळाला जी लस देतात ती म्हणजे हा २२ नॅनोमीटरचा गोळा अ‍ॅलमवर बसवलेला. नॅनोपार्टिकलला घाबरणाऱ्या बहुतेकांच्या घरात तो कधीच येऊन गेलेला असतो.

मुलीला एचपीव्हीची लस द्यायचीय, त्यात व्हायरस असतो का? आणि एका डोसने भागतं असं ऐकलं ते खरं का?

व्हायरस नसतो. एचपीव्ही म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा व्हायरस. त्याच्या बाहेरच्या कवचाचं एक प्रोटीन आहे, त्याचं नाव एल-वन. ऑस्ट्रेलियात जियान झोऊ आणि इयान फ्रेझर यांनी १९९१ मध्ये दाखवलं की हे प्रोटीन पेशीत बनवलं की ते आपोआप एकत्र येऊन हुबेहूब व्हायरससारखं कवच तयार करतं. एका पूर्ण कवचात एल-वनच्या ३६० प्रती असतात आणि साइज साधारण ५५ नॅनोमीटर. आत जनुकं नाहीत त्यामुळे इन्फेक्शन होऊच शकत नाही. याला व्हायरस लाइक पार्टिकल म्हणतात. गार्डासिल २००६ ला आली, आणि आपल्या पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक बाजारात आली २०२३ मध्ये, तिच्यात ६, ११, १६ आणि १८ हे चार प्रकार आहेत.

आता एका डोसचं. याचा एक मोठा पुरावा आपल्याच देशातून आलाय आणि त्यात बार्शीच्या मुलीसुद्धा आहेत हे आपल्याला माहीतच नसतं. २००९ मध्ये भारतात दोन डोस विरुद्ध तीन डोस असा अभ्यास सुरू झाला होता, २०१० मध्ये सरकारने वेगळ्याच कारणाने लसीकरण थांबवलं, त्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला. त्या मुलींचा पाठपुरावा मात्र संशोधकांनी सोडला नाही आणि दहा वर्षांनी दिसलं की १६ आणि १८ नंबरच्या टिकून राहणाऱ्या इन्फेक्शनपासून एका डोसने सुमारे ९५ टक्के संरक्षण दिलंय, दोन आणि तीन डोसच्या तोडीस तोड. २०२२ मध्ये डब्ल्यूएचओच्या तज्ज्ञांनी ९ ते २० वयाला एक डोसही चालेल असं सांगितलं. नुसत्या प्रोटीनच्या लसीकडून एका डोसात असं कोणी अपेक्षाही केली नसती. ३६० प्रतींच्या त्या घट्ट रांगांमुळे दीर्घकाळ अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी तयार होतात असं बहुतेक संशोधक मानतात. तुमच्या मुलीला किती डोस ते डॉक्टर वय बघून सांगतील, पण "एकाने काय होणार" म्हणून लस टाळू नका, प्लीज.

एमआरएनए लसीतलं लिपिड म्हणजे काय? ते का लागतं?

एमआरएनए म्हणजे पेशीला कुठलं प्रोटीन बनवायचं ते सांगणारी चिठ्ठी. हा इतका नाजूक रेणू आहे की उघडा टोचला तर शरीरातले एन्झाइम त्याचा फडशा पाडतात, आणि पेशीच्या आत तो एकटा जाऊही शकत नाही. म्हणून तो चार प्रकारच्या चरबीसदृश पदार्थांच्या कणात भरतात: आयोनायझेबल लिपिड, फॉस्फोलिपिड, कोलेस्टेरॉल आणि पेग (एक पॉलिमर) लावलेलं लिपिड. कण साधारण १०० नॅनोमीटरचा. सगळी हुशारी पहिल्या लिपिडमध्ये आहे. रक्तासारख्या न्यूट्रल जागी त्याला जवळजवळ चार्ज नसतो म्हणून ते त्रास देत नाही, पण पेशीने कण गिळून तो आम्लधर्मी कप्प्यात टाकला की ते पॉझिटिव्ह होतं, कप्प्याची भिंत फोडतं आणि एमआरएनए बाहेर पेशीत सुटतो. पेशी तो वाचून प्रोटीन बनवते. डीएनए असतो त्या केंद्रकात तो जात नाही आणि थोड्या दिवसांत तुटून जातो.

करिको आणि वाइसमन या संशोधकांना २०२३ चं नोबेल एमआरएनएमधल्या बदलासाठी मिळालं ते योग्यच, पण पीटर कलिस आणि त्यांच्यासारख्या लिपिडवाल्यांनी कॅनडात कित्येक वर्षं हा कण घडवला नसता तर ती लस दंडातच संपली असती. आणि हा कण कोरोनासाठी घाईत बनवलेला नव्हता, असाच लिपिड कण वापरणारं पॅटिसिरान नावाचं औषध २०१८ मध्येच मंजूर झालं होतं.

आपल्या पुण्याच्या जिनोव्हाची एमआरएनए लस २ ते ८ डिग्रीत राहते, फायझरच्या लसीला सुरुवातीला उणे ६० च्या खाली ठेवावं लागायचं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि लाइट जाण्यात हा फरक फार मोठा आहे.

झाडाच्या सालीपासून कण बनवतात म्हणे?

हो. चिलीत क्विलाया नावाचं झाड आहे, त्याच्या सालीतलं सॅपोनिन कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिडबरोबर मिसळलं की ४० नॅनोमीटरच्या आसपासचे पिंजऱ्यासारखे कण बनतात, त्याचं नाव मॅट्रिक्स-एम. कोरोनाच्या कोव्होव्हॅक्स लसीत हेच होतं. हे कण अँटिजेन वाहून नेण्यापेक्षा रोगप्रतिकारक पेशींना जागं करायचं काम जास्त करतात.

मग मलेरियाची लस याच्यावरच आहे ना? पावसाळ्यात आमच्या उलव्याला साइटवर मलेरिया असतोच, आम्हाला मिळेल का?

आर-ट्वेंटीवन ही ऑक्सफर्ड आणि सीरमची लस, ऑक्टोबर २०२३ मध्ये डब्ल्यूएचओने शिफारस केली, आणि हो, मॅट्रिक्स-एमबरोबरच देतात. यातला कण परत तोच हिपॅटायटिस बी चा गोळा, त्याच्यावर मलेरियाच्या परजीवीचा तुकडा लावलेला. आधीच्या आरटीएस,एस लसीत सुमारे पाचव्या हिश्श्याच्याच प्रोटीनवर मलेरियाचा तुकडा होता, बाकी नुसतं हिपॅटायटिसचं आवरण. आर-ट्वेंटीवनमध्ये सगळ्याच प्रोटीनवर तो आहे, त्यामुळे मुलांच्या डोसात ५ मायक्रोग्रॅम अँटिजेन पुरतं जिथे आधी २५ लागायचं. कणावर काय किती दाट बसवलंय याने केवढा फरक पडतो याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

पण तुमच्या साइटसाठी उत्तर नाही असंच आहे. ही लस फॅल्सिपॅरम या मलेरियाच्या प्रकाराविरुद्ध आणि मुख्यतः आफ्रिकेतल्या लहान मुलांसाठी आहे, आपल्याकडे व्हायवॅक्स हा दुसरा प्रकारही भरपूर असतो आणि त्याच्यावर ती चालत नाही. साचलेलं पाणी काढा, टाक्या झाका, मच्छरदाणी वापरा, ताप आला की रक्त तपासा.

आई-बाबांना नागिणीची लस द्यायचीय, हात फार दुखतो म्हणतात, मग द्यावी का?

नागिणीच्या शिंग्रिक्स या लसीमध्येही कण आहेत. त्या लसीच्या दोन छोट्या बाटल्या येतात: एकीत पांढरी पावडर, ते अँटिजेन, आणि दुसरीत किंचित दुधी झाक असलेलं लिक्विड, ती झाक लायपोसोमची म्हणजे चरबीच्या अतिसूक्ष्म फुग्यांची. त्यात तेच क्विलायाचं सॅपोनिन आणि बॅक्टेरियापासून बनवलेला एक घटक असतो. दोन्ही मिसळूनच द्यायचं असतं. म्हातारपणी रोगप्रतिकारशक्ती मंदावते, साध्या लसींना दाद देत नाही, पण या जोडीने पन्नाशीच्या पुढच्या लोकांत ट्रायलमध्ये सुमारे ९७ टक्के संरक्षण दिलं आणि सत्तरीच्या पुढेही ९० च्या आसपास. दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने.

हात दुखतो, अंग मोडून येतं, कणकण वाटते, हे खरंय आणि बऱ्याच जणांना होतं. एक-दोन दिवसांत जातं. नागिणीनंतरच्या आगीने महिनोन्‌महिने कळवळणारी माणसं मी जवळून बघितलीत, त्यामुळे माझं मत सरळ द्या असं आहे. किंमत मात्र जास्त आहे, ते आधी विचारून घ्या.

ताप आला म्हणजे लस लागू पडली, नाहीतर नाही, असं असतं का?

नाही. ज्यांना काहीच होत नाही त्यांच्यातही अँटिबॉडी चांगल्या बनतात.

नवी मुंबईत २०१८ ला मुलांना टायफॉइडची लस दिली होती, तीही पार्टिकलवालीच का?

चांगला प्रश्न, कारण उत्तर नाही आहे. महापालिकेने २०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ९ महिने ते १४ वर्षांच्या एक लाखाहून जास्त मुलांना टायफॉइड कॉन्ज्युगेट लस दिली, सरकारी यंत्रणेतून अशी मोहीम जगात पहिल्यांदा झाली ती आपल्याकडे, याचा मला मनापासून अभिमान आहे. त्या लसीत जंतूवरची साखरेची साखळी टिटॅनसच्या प्रोटीनला केमिकली जोडलेली असते. नुसती साखर लहान बाळांच्या शरीराला नीट ओळखता येत नाही, प्रोटीन जोडलं की टी-सेल मदतीला येतात. म्हणजे हेतू तोच, दुबळ्या अँटिजेनला जोर द्यायचा, पण मार्ग वेगळा. त्यात अ‍ॅलमही नाही.

अ‍ॅल्युमिनियमने बाळाला काही होत नाही ना?

एका डोसात ते मिलिग्रॅमच्या हिशोबात असतं, अमेरिकेच्या नियमात साधारण ०.८५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. टोचलेल्या जागेवरून ते हळूहळू विरघळतं आणि किडनीवाटे बाहेर जातं. जवळजवळ शंभर वर्षं वापरात आहे. कधीकधी टोचलेल्या जागी छोटी गाठ राहते, ती आपोआप जाते, चोळू नका, त्यावर हळद-चुना लावू नका. किडनीचा मोठा आजार असलेलं बाळ असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

मग एकच इंजेक्शन आणि सगळे डोस त्यातच, असं का नाही करत?

हे स्वप्न जुनं आहे. पीएलजीए नावाचं पॉलिमर आहे, विरघळणारे टाके ज्या जातीच्या मटेरियलचे असतात त्याच जातीचं. ते शरीरात हळूहळू लॅक्टिक आणि ग्लायकोलिक अ‍ॅसिड होऊन निघून जातं. त्याच्या बारीक गोळ्यांत अँटिजेन भरलं तर काही लगेच सुटेल, काही महिन्याने, आणि आईला बाळ घेऊन तीन-तीनदा यायला नको. हार्मोनच्या इंजेक्शनमध्ये हे तंत्र १९८० च्या दशकापासून चालतंय. लसीत अडतं ते असं की पॉलिमर विरघळताना आतमध्येच आम्ल साचतं आणि नाजूक प्रोटीनची घडी बिघडते, शिवाय शरीराच्या ३७ डिग्रीत ते आठवडेच्या आठवडे टिकलं पाहिजे, आणि लाखो डोस निर्जंतुक आणि एकसारखे बनवणं सोपं नाही. काम चालू आहे आणि मला याची फार आस आहे, कारण घणसोलीच्या नाक्यावर रोजंदारीला उभी राहणारी आई दुसऱ्या डोसला येत नाही ती आळस म्हणून नाही, तिचा दिवस बुडतो म्हणून.

लस फ्रीझरमध्ये ठेवली तर जास्त टिकेल ना?

हा गैरसमज सगळ्यात जास्त नुकसान करतो म्हणून सविस्तर लिहिते. अ‍ॅलमवाल्या लसी गोठल्या की संपल्या. गोठताना बर्फाचे स्फटिक बनतात, अ‍ॅलमचे कण एकमेकांवर दाबले जाऊन गुठळ्या होतात, आणि वितळल्यावर त्या गुठळ्या सुटत नाहीत. दिसायला लस लसच दिसते, पण जोर गेलेला असतो. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, टीडी, डीपीटी या सगळ्यांना हे लागू आहे. ओपीव्ही (पोलिओचे थेंब), बीसीजी (टीबीची) आणि एमआर (गोवर-रुबेलाची) यांचं तसं नाही, त्यांना उष्णतेचा त्रास जास्त.

आरोग्य केंद्रात शंका आली तर शेक टेस्ट करतात. त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम रात्रभर गोठवून मग वितळवतात. ती आणि संशयित बाटली दोन्ही एका हातात धरून जोरात हलवायच्या, मग टेबलावर शेजारी शेजारी ठेवून डोळे त्या पातळीला आणून बघत बसायचं. मुद्दाम गोठवलेल्या बाटलीत थोड्याच वेळात कणीदार पांढरा गाळ खाली बसायला लागतो आणि वर निवळ पाणी सुटतं. चांगली बाटली मात्र तशीच गढूळ राहते, अर्ध्या तासानेही तिचा गाळ सावकाशच उतरतो. संशयित बाटलीचा गाळ गोठवलेलीच्याच वेगाने बसला की ती फेकायची. आणि जी बाटली आपल्या डोळ्यांसमोर घट्ट बर्फ झालेली सापडते तिला टेस्टची गरजच नाही, ती थेट बाद. बाटलीवरचा रंग बदलणारा व्हीव्हीएमचा चौकोन फक्त उष्णता दाखवतो, गोठणं दाखवत नाही, हे लक्षात ठेवा.

केमिस्टकडून लस घेऊन क्लिनिकला न्यायची असेल तर कशी न्यायची?

शक्यतो नेऊच नका, जिथे टोचणार तिथल्याच फ्रीजमधली घ्या. नाइलाज असेल तर, म्हणजे समजा वाशीच्या दुकानातून घेऊन कोपरखैरण्याला जायचंय, तर थर्मोकोलच्या डब्यात न्या पण डीप फ्रीझरमधून आत्ता काढलेला कडक आइस पॅक बाटलीला टेकवू नका. उन्हापेक्षा त्या पॅकनेच लस जास्त वेळा खराब होते. पॅक आधी बाहेर ठेवायचा, हलवल्यावर आत पाणी खळखळलं पाहिजे, मगच डब्यात, आणि मध्ये पुठ्ठा किंवा कागद. वाटेत भाजी घ्यायला थांबू नका. घरी ठेवायची वेळ आली तर फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीला न लावता, दारात तर नकोच.

हे नॅनो कण शरीरात कायमचे राहतात का?

लसीत वापरलेले नाहीत. प्रोटीनचे कण पचून जातात, लिपिड शरीर आपल्या चरबीसारखंच मोडतं, अ‍ॅलम सावकाश विरघळतं. एमआरएनए लसींनंतर तरुण मुलांमध्ये क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज आली हे नोंदलेलं आहे, पेगची अ‍ॅलर्जी असलेल्यांना क्वचित जोरात रिअ‍ॅक्शन येते हेही खरं, म्हणून तर लस घेतल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. तो अर्धा तास बसा, लोकल सुटेल म्हणून उठून जाऊ नका.

आपण घेतली त्या लसीत कण आहेत की नाही हे कसं कळणार?

खोक्यातला कागद मागून घ्या, तुमचा हक्क आहे. त्यात अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड किंवा फॉस्फेट लिहिलेलं असेल, कुठे लिपिडची नावं असतील, कुठे व्हायरस लाइक पार्टिकल. "वापरण्यापूर्वी हलवा" असं लिहिलंय का तेही बघा, अ‍ॅलमवाल्या लसीत कण खाली बसलेले असतात, न हलवता भरलं तर एकाला कमी आणि दुसऱ्याला जास्त जातं. सिस्टरने बाटली हलवली नाही असं वाटलं तर तिथेच सांगा, त्यांना राग येत नाही.